अर्ध्या मिनिटाने जाणारी रेल

नागपूर, मे महिना

लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड बूट होतो, लॉगिन येतं, पिंग चालतं आणि साधारण अर्ध्या मिनिटाने इथरनेट मरतं. अशा वेळी केबल बदलण्याआधी डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलंय ते लिनक्सच्या कर्नलला सांगणारी फाइल, उघडावी, हा माझा आग्रह. जी रेल, म्हणजे चिपांना ठरावीक व्होल्टेज पुरवणारी लाइन, कोणत्याही ड्रायव्हरने मागितलेली नाही आणि जिच्यावर 'रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन' ही प्रॉपर्टी नाही, ती लिनक्सचा रेग्युलेटर कोअर (व्होल्टेज पुरवठे सांभाळणारा भाग) बूटनंतर ३० सेकंदांनी बंद करतो. तोवर ती कर्नलआधी चालणाऱ्या बूटलोडरच्या कृपेने चालू होती. डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) रेलच्या नावापुढे 'डिसेबलिंग' छापलेलं सापडतं.

ऑलवेज-ऑन टाकलं की लक्षण जातं, पण ती रेल कोणासाठी आहे हे कर्नलला कळलेलं नसतंच. डीडीआर मेमरीला आणि सीपीयूच्या कोअरला ते हवं. बाकीच्या रेल ज्याच्या त्याच्या नोडमध्ये (डिव्हाइस ट्रीतल्या त्या चिपच्या नोंदीत) जोडाव्यात, आणि बाइंडिंगमध्ये (ती नोंद कशी लिहायची याच्या नियमांत) आहे अगदी त्याच नावाने. नाव चुकलं तरी कर्नल बहुतेक वेळा अडत नाही, 'यूझिंग डमी रेग्युलेटर' म्हणून पुढे जातो. ती ओळ दिसली की थांबायचं.

किमान-कमाल व्होल्टेज पीएमआयसीच्या (वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपच्या) डेटाशीटमधून उचलू नये. तिच्यातला बक (व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग कन्व्हर्टर) किती देऊ शकतो यापेक्षा रेलवरच्या चिपला किती सोसतं ते महत्त्वाचं, आणि ते स्किमॅटिक (सर्किटचा आराखडा) पाहूनच ठरतं. १.८ व्होल्टची रेल असेल तर दोन्हीकडे १८००००० (आकडे मायक्रोव्होल्टमध्ये). एसडी कार्डाच्या व्हीक्यूएमएमसीला (सिग्नल लाइनच्या पुरवठ्याला) मात्र १८००००० ते ३३००००० मोकळीक द्यावी, नाहीतर यूएचएस हा वेगवान मोड मिळत नाही.

रेग्युलेटर-फिक्स्डमध्ये (एकाच ठरावीक व्होल्टेजच्या रेग्युलेटरच्या नोंदीत) 'इनेबल-अ‍ॅक्टिव्ह-हाय' लिहायचं राहिलं, तर जीपीआयओच्या (तो चालू-बंद करणाऱ्या पिनच्या) फ्लॅगमध्ये काहीही लिहा, पिन उलटीच चालते, लो असताना चालू.

इथल्या उन्हाचा हिशेब कोणतीही प्रॉपर्टी करत नाही. ५ वरून ३.३ व्होल्ट देणारा एलडीओ (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा रेग्युलेटर), ४०० मिलीअ‍ॅम्पचा भार: १.७ गुणिले ०.४, म्हणजे ०.६८ वॅट नुसती उष्णता. बोर्डवर तांबं कमी सोडलेल्या एसओटी-२२३ पॅकेजला वॅटमागे ९० अंश धरले, तर जंक्शन (चिपचा आतला गाभा) ६१ अंशांनी चढतं. काटोलच्या संत्राबागेत पंपाशेजारच्या बंद डब्यात ६० अंश धरा. झाले १२१, आणि पुष्कळ एलडीओंची मर्यादा १२५. इथे बक कन्व्हर्टरच घालावा.

नवा बोर्ड आला की डीबगएफएसमधली (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींतली) 'रेग्युलेटर_समरी' स्किमॅटिकशी ताडून पाहावी, मग प्रत्येक रेल मल्टिमीटरने मोजावी. समरीतला आकडा रजिस्टरमधून किंवा थेट डिव्हाइस ट्रीतून आलेला असतो; व्होल्टेज ठरवणारा फीडबॅकचा रेझिस्टर चुकीचा बसला तरी तो बदलत नाही.