बलक ठेवा, मेयो मोजा

'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' या जाहिरातवाल्या एनईसीसीचं, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं, मुख्य कार्यालय पुण्यातच आहे, तरी पुण्यातल्या जिममध्ये अंड्याचा बलक कायम आरोपीच्या पिंजऱ्यात. चार अंडी उकडायची, दोन बलक टाकून द्यायचे आणि उरलेल्यावर बरणीतलं मेयोनीज सढळ हाताने घालायचं, असं 'डाएट' सॅलड सर्रास चालतं. हिशेब नेमका उलटा आहे. एका बलकात साधारण 55 कॅलरी असतात. अंडं घातलेल्या मेयोच्या एका सपाट टेबलस्पूनमध्ये, म्हणजे 14 ग्रॅममध्ये, 95 ते 100. दोन बलक टाकून जे वाचवलं ते बहुतेक सगळं एका चमच्यात परत आलं, आणि त्या चमच्यात प्रोटीन जवळजवळ शून्य.

सोललेलं अंडं 50 ग्रॅमचं धरलं तर त्यात 72 ते 78 कॅलरी, 6 ग्रॅमच्या थोडं वर प्रोटीन आणि 5 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रोटीन, बाकीचं बलकात. बी-12, ड जीवनसत्त्व, कोलीन आणि लोह हे बहुतांश बलकातच. दोन अख्ख्या अंड्यांतून दिवसाच्या गरजेच्या जवळपास निम्मं बी-12 मिळतं. मटण-मासे न खाणाऱ्या घरात ही मोठी गोष्ट आहे. कोलेस्टेरॉल मात्र एका अंड्यात 185 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मधुमेह असेल किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल वाढतं असेल, तर रोज किती अंडी खायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. गावरान अंडं आकाराने लहान असतं, त्यामुळे नगाप्रमाणे मोजलं तर त्यात प्रोटीन कमीच भरतं. बलक केशरी दिसतो तो कोंबडीच्या खाद्यामुळे.

आता चार अंड्यांचं, दोघांना पुरेल असं सॅलड घेऊ. 60 ग्रॅम मेयो घातलं तर माणशी 350 ते 360 कॅलरी, 13 ग्रॅम प्रोटीन आणि 32 ग्रॅम स्निग्ध. मेयोऐवजी गाईच्या दह्याचा 120 ग्रॅम चक्का घातला तर माणशी 215 कॅलरी, 16 ग्रॅम प्रोटीन, 15 ग्रॅम स्निग्ध. ड्रेसिंग वजनाने दुप्पट, तरी माणशी सुमारे 140 कॅलरी कमी.

यात एक मेख आहे. चक्क्यातलं स्निग्ध दुधाचं, म्हणजे बरंचसं संपृक्त (सॅच्युरेटेड). मेयोतलं सोयाबीन तेलाचं, त्यात संपृक्त कमी. गाईच्या 120 ग्रॅम चक्क्यात आणि 60 ग्रॅम मेयोत संपृक्त चरबी जवळपास सारखीच भरते, आणि म्हशीच्या दुधाचा चक्का असेल तर मेयोपेक्षा जास्तच. त्यामुळे चक्का वापरून फायदा होतो तो कॅलरी आणि प्रोटीनचा. संपृक्त चरबी कमी करायची असेल तर डबल टोन्ड दुधाचं दही लावा.

बिनअंड्याच्या मेयोवर कॅलरी कमी दिसतात, कारण त्यात पाणी, स्टार्च आणि साखर घालून दाटपणा आणलेला असतो. लेबलवरचा '100 ग्रॅमला' हा रकाना बघा, 'एका सर्व्हिंगला' हा नको. चमच्यावरही विश्वास ठेवू नका. पोहे खायच्या चमच्याने शीग लावून घेतलेलं मेयो सहज 20-25 ग्रॅम भरतं. वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग घालायचं.

करायची रीत अशी. अर्धा किलो दही फडक्यात बांधून चार-पाच तास फ्रिजमध्ये टांगायचं. सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम चक्का निघतो. डेअरीतला तयार चक्का आणलात तर आधी चाखून बघा, श्रीखंडासाठी ठेवलेला कधीकधी फार आंबट असतो. अंडी उकळत्या पाण्यात सोडून 11 मिनिटं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून मुंबईच्या मापापेक्षा अर्धा-पाऊण मिनिट जास्त. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. बलकाभोवती हिरवट कडं येतं ते जास्त वेळ उकडल्यामुळे: पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह यांचा संयोग होतो. त्याने अपाय नाही, पण सॅलडला वास येतो. अगदी ताज्या अंड्याचं साल पांढऱ्याला धरून राहतं, आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेली अंडी नीट सुटतात.

अंडी पूर्ण गार होऊ द्या. कोमट अंड्यांवर चक्का घातला की तो पातळ होऊन ओघळतो. चारातले दोन बलक काट्याने बारीक करून 120 ग्रॅम चक्क्यात घोटायचे. मेयोला जो दाट, मऊ पोत असतो तो बराचसा इथे मिळतो. वरून एक छोटा चमचा शेंगदाणा तेल (45 कॅलरी), अर्धा चमचा फेसलेली मोहरी, मिरपूड, लिंबू. मोहरी गार पाण्यात फेसायची, गरम पाण्यात तिचा झणका मरतो. मिक्सर मात्र नको, चक्का पातळ होतो. उरलेले बलक आणि पांढरं यांचे सेंटीमीटरभर तुकडे करून हलक्या हाताने मिसळायचे.

सगळ्यात जास्त बिघडतं ते काकडीमुळे. काकडी चोचून तशीच घातली तर अर्ध्या तासात तळाशी पाणी. चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मुठीत घट्ट पिळा, मग घाला, आणि नंतरच्या मिठाचा हात आखडता ठेवा. पाव चमचा मीठ म्हणजे 600 मिलिग्रॅम सोडियम. टोमॅटोच्या वाटेला जाऊच नये. त्यापेक्षा पातीचा कांदा, कोथिंबीर आणि मोसम असेल तर कैरीचा कीस.

या सॅलडची खरी उणीव म्हणजे चोथा (फायबर) आणि क जीवनसत्त्व. अंड्यात दोन्ही नाहीत आणि काकडीतही नावापुरतंच. 80 ग्रॅम शिजवलेले छोले घातले तर सहा ग्रॅमच्या आसपास चोथा आणि साधारण 130 कॅलरी वाढतात. मग ब्रेडची गरज उरत नाही. ब्रेड हवाच असेल तर दोन स्लाइसच्या 140-150 कॅलरी वेगळ्या धरायच्या.

डबा हिंजवडीला न्यायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्याच्याशी गोठवलेली आइसपॅक हवीच. 32 अंशांच्या वर हे सॅलड तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, एरवी दोन तास. घरी कच्च्या अंड्याचं मेयो करून डब्यात देऊ नका; तेलंगणाने 2024 मध्ये त्यावर बंदी घातली ती विषबाधेमुळेच. फ्रिजमध्ये मेयोचं सॅलड तीन दिवस टिकतं, चक्क्याचं दोनच. दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं, ते ढवळून परत एकजीव होत नाही. चक्क्याखाली गळलेल्या पाण्यात कणीक भिजवा.