गेटवे ते मांडवा, शिडाच्या होडीतून

मुंबई बंदरातून छोट्या शिडाच्या होडीने मांडव्याला जायचं असेल, तर सुट्टी बघण्याआधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशोब आजही कामाला येतो. आम्ही अष्टमी धरली. सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, मग दुपारपर्यंत ओहोटी. जाताना पाणीच बाहेर नेतं आणि दुपारनंतर आत आणतं. त्यात भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, त्यामुळे ओढही कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, नवख्यांनी ते दिवस टाळावेत. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक मात्र बघाच.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच घाला, पट्टे आवळून. १८ डिसेंबर २०२४ला याच बंदरात एलिफंटाला निघालेली प्रवासी बोट धडकेनंतर बुडाली. पाण्यात पडल्यावर जॅकेट शोधायला वेळ नसतो.

होडी मित्राची, सुकाणूवरही तोच. हिवाळ्यातला मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, पाठीशी होता, त्यामुळे निघणं सोपं गेलं. खरी परीक्षा मोठ्या जहाजांचा चॅनल, म्हणजे त्यांच्या ये-जा करण्याचा खोल जलमार्ग, ओलांडताना असते. इंजिनवाल्याने शिडाला वाट द्यायची, हे सगळ्यांना पाठ असतं. पण समुद्रातली टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२च्या त्याच आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नववा नियमही तेवढाच महत्त्वाचा : जे जहाज फक्त खोल चॅनलमधूनच जाऊ शकतं, त्याला शिडाच्या किंवा २० मीटरपेक्षा लहान होडीने अडवायचं नाही. न्हावा-शेव्याला जाणारं कंटेनर जहाज तुमच्यासाठी वळूही शकत नाही, चटकन थांबूही शकत नाही.

असंच एक जहाज उजवीकडून येताना दिसलं. मित्राने होडीची दिशा स्थिर ठेवली आणि मला डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारेच्या रेषेत जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धरायला सांगितली. जहाज मोठं होत गेलं, पण तारेवरून हललं नाही. दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, म्हणजे टक्कर ठरलेली. मित्राने लगेच होडी उजवीकडे घेतली, तीही चांगली ठळक, जहाजावरून कळेल एवढी. आम्ही त्याच्या मागून गेलो. पाच-दहा अंश करत चोरून वळू नका, समोरच्याला तुमचा इरादा समजत नाही. जहाजाने पाच छोटे भोंगे दिले, तर तुमच्या हालचालीबद्दल त्याला शंका आहे असं समजा. चॅनल शक्य तितका काटकोनात ओलांडा.

बोयांबद्दल, म्हणजे चॅनलच्या कडा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांबद्दल, एक सांगतो. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे, हिरवा उजवीकडे, निघताना उलट. अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो, कारण तिकडची पद्धत उलटी आहे.

मांडव्याला फेरीचा धक्का मोकळा सोडून नांगर टाका. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा, आणि खोली मोजताना पुढे चढणारं पाणी धरा. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, चालू ठेवा. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक असू द्या.

परतीला बारा-साडेबारालाच निघा, म्हणजे भरती आणि दुपारचा खारा वारा (समुद्राकडून जमिनीकडे येणारा) दोन्ही मिळतात आणि अंधाराआधी पोचता. वाटेत कोळ्यांच्या डोल जाळ्यांच्या, म्हणजे पाण्यात एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या, खुणा आणि दोर असतात, लाटांवरच्या चकाकीत ते शेवटच्या क्षणी दिसतात. एक माणूस कायम नाळेवर बसवा, आणि जाळ्यांजवळ इंजिन लावण्याआधी पाण्यात दोर नाही ना, ते त्याच्याकडून खात्रीने विचारून घ्या.