स्कॉटलंडच्या डोंगरातला फुकटचा मुक्काम

इकडे डोंगरात जायचं ठरलं की रात्रीच्या मुक्कामासाठी कुणीतरी बॉथीचं नाव काढतंच. बॉथी म्हणजे डोंगरातलं साधं घर: दगडी भिंती, एक-दोन खोल्या, झोपायला लाकडी माच. वीज नाही, नळ नाही, बहुतेक ठिकाणी संडासही नाही. एक फावडं ठेवलेलं असतं, ते घेऊन पाण्यापासून लांब जायचं. दाराला कुलूप नाही, आधी जागा राखायची सोय नाही, पैसेही नाहीत. येईल त्याने पथारी पसरावी.

ही सोय मुळात भटक्यांसाठी नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात ईशान्य स्कॉटलंडमधल्या मोठ्या शेतांवर बिनलग्नाचे गडी ठेवत. गड्यांचा बाजार भरायचा, तिथे सहा-सहा महिन्यांची बोली व्हायची. कामावर आले की सगळ्यांनी शेतावरच्या एकाच खोलीत राहायचं, तीच बॉथी. मजुरीतला काही भाग ओटचं पीठ आणि दूध असा मिळे. पिठात मीठ आणि उकळतं पाणी घालून कालवलं की जेवण तयार. त्याला ब्रोज म्हणतात. मी करून खाल्लंय. दिवसभर चालून आल्यावर एखाद्या वेळी गोड लागतं, पण रोज तेच खाऊन नांगर धरणाऱ्यांची कमाल आहे. प्रत्येक गड्याची एक लाकडी पेटी असे, किस्ट. सगळा संसार त्या पेटीत. रात्री गाणी व्हायची, त्यात कंजूष मालक, घोडे आणि पोरी. ती बॉथी बॅलड्स आजही गातात.

पेटीचं वाचलं आणि मला गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या आठवल्या. माझे आजोबा कोकणातून येऊन परळला अशाच एका खोलीत राहिले. एका गावची माणसं, भिंतीला ओळीने ट्रंका, आणि एकाची पाळी संपली की दुसऱ्याची पथारी मोकळी. त्यामुळे बॉथीतल्या ‘साध्या जगण्याचं’ फार कौतुक चाललं की मला जरा खटकतं. आम्ही शनिवारी हौसेने साधं जगतो आणि सोमवारी हीटर लावून बसतो. त्या गड्यांना ती निवड नव्हती.

पुढे ट्रॅक्टर आले, गडी कमी झाले. डोंगरातली मेंढपाळांची आणि शिकारीच्या रानाच्या राखणदारांची घरंही ओस पडली. 1965 मध्ये काही गिर्यारोहकांनी गॅलोवे भागातलं टनस्कीन नावाचं पडकं घर दुरुस्त केलं आणि त्याच वर्षी माउंटन बॉथीज असोसिएशन स्थापन झाली. आज ती शंभरेक बॉथ्यांची देखभाल करते. गंमत म्हणजे बहुतेक घरं संस्थेच्या मालकीची नाहीतच. जमीनमालक वापरू देतात, स्वयंसेवक छप्पर शाकारतात, आणि नियम पाळायचे आपण: कचरा परत न्यायचा, जिवंत झाड तोडायचं नाही, सहा किंवा जास्त जणांच्या टोळीने यायचं नाही. हरणांच्या शिकारीच्या मोसमात काही ठिकाणी मुक्काम टाळायचा.

मी राहिलो ती कोरूर बॉथी. केर्नगॉर्म डोंगरांत, डेव्हिल्स पॉइंटच्या पायथ्याशी, 1877 मध्ये हरणांच्या राखणदारासाठी बांधलेली. ब्रेमार गावाजवळ डी नदीवर असलेल्या लिन ऑफ डीपासून तीन-साडेतीन तास चालावं लागतं. इथे चक्क संडास आहे, म्हणजे बॉथीच्या हिशेबाने पंचतारांकितच. खोली मात्र एकच. ओले मोजे खुंटीवर, उंदरांच्या भीतीने खाण्याच्या पिशव्या छताला टांगलेल्या, आणि घोरण्याचे तीन वेगवेगळे सूर. कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. उद्या कुठल्या वाटेने जाणार आणि ओढ्याला पाणी किती, एवढंच. उशिरा भिजून आलेल्या दोघांसाठी सगळे न बोलता सरकले. पण जागेची हमी नाही, म्हणून तंबू पाठीवर हवाच. उन्हाळ्यात मिज नावाच्या बारीक माश्या बाहेर इतक्या चावतात की तंबूवाल्याची मला दयाच येते.

इकडे येणारे मित्र ‘आम्हालाही ने’ म्हणतात. त्यांना आधी फावड्याचं सांगतो. आई-बाबा आले तेव्हा त्यांना लिन ऑफ डीचा पूल दाखवला. 1857 मध्ये राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलेला. तिथून गाडी वळवून ब्रेमारला चहा प्यायला गेलो.