फॉर्म ८८५७ आणि न झालेले लग्न

करसल्लागाराच्या कार्यालयात जुलै महिना सुस्त असतो. एप्रिलची धावपळ संपलेली असते, मुदतवाढ घेतलेले लोक ऑक्टोबरपर्यंत फिरकत नाहीत आणि टेक्सासमधल्या डॅलसच्या उन्हात विनाकारण कोणी घराबाहेर पडत नाही. २०२४ च्या जुलैमधल्या अशाच एका दुपारी, मराठी मंडळातल्या ओळखीतून एक तरुणी माझ्याकडे आली. मी एन्रोल्ड एजंट आहे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्यापुढे करदात्याची बाजू मांडण्याचा परवाना माझ्याकडे आहे. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ही हकीकत लिहीत आहे.

‘काका, एवढा फॉर्म तपासून द्या, म्हणजे माझी सुटका होईल,’ असे म्हणून तिने दोन कागद टेबलावर ठेवले.

पहिला कागद सीपी २००० या नावाने ओळखली जाणारी नोटीस होती. विवरणपत्रात दाखवलेले उत्पन्न आणि मालक, बँका किंवा दलाल यांनी करखात्याला कळवलेले उत्पन्न जुळले नाही, की ही नोटीस निघते. २०२२ या वर्षात शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या व्यवहारांतून झालेला ३८,००० डॉलरांचा नफा विवरणपत्रात दाखवलेला नव्हता, म्हणून ८,११५ डॉलर कर, त्यावर २० टक्के दंड आणि व्याज अशी मागणी होती. हे व्यवहार तिचे नव्हते. ज्याच्यासोबत ती दोन वर्षे डॅलसजवळच्या फ्रिस्कोमध्ये एका घरात राहिली होती आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्याच्यापासून ती वेगळी झाली होती, त्या मित्राचे होते. नोटीस मात्र दोघांच्या नावे होती, कारण दोघांनी ‘विवाहित, एकत्रित’ असे विवरणपत्र भरले होते.

दुसरा कागद फॉर्म ८८५७ होता. जोडीदाराच्या चुकीबद्दल निर्दोष पती किंवा पत्नीला कराच्या जबाबदारीतून सूट मागता येते, त्यासाठीचा हा अर्ज. तो तिने इंटरनेटवरून उतरवून जवळजवळ पूर्ण भरला होता. एकच रकाना रिकामा होता. त्या व्यक्तीशी तुमचे वैवाहिक नाते सध्या काय आहे, असा तो प्रश्न होता आणि उत्तरांचे पर्याय होते विवाहित व एकत्र, विवाहित पण विभक्त, विधवा किंवा विधुर, कायदेशीर विभक्त, घटस्फोटित.

‘यांतले कोणते निवडू?’ तिने विचारले.

‘तुमचे लग्न कधी झाले होते?’ मी विचारले.

‘लग्न झालेच नव्हते. माझे लग्न डिसेंबरमध्ये पुण्यात आहे, दुसऱ्या मुलाशी.’

बावीस वर्षांच्या व्यवसायात पेन हातातून खाली ठेवण्याची वेळ माझ्यावर क्वचितच आली असेल. मी तिला तो फॉर्म बाजूला ठेवायला सांगितला आणि आधी एकत्रित विवरणपत्र का भरले ते विचारले. कारण अगदी साधे होते. तिचा पगार ९८,००० डॉलर होता, आणि नोकरी सुटलेल्या मित्राची अर्धवेळ कमाई ९,००० डॉलर. एकटीने भरले तर तिला १४,३२८ डॉलर कर लागत होता. एकत्र भरल्यावर दोघांचा मिळून ९,३२१ डॉलर झाला. सॉफ्टवेअरने पाच हजारांची बचत हिरव्या अक्षरांत दाखवली आणि लग्नाचा दाखला कुणीच मागितला नाही. ‘आपण राहतोच आहोत नवरा-बायकोसारखे,’ असे तो म्हणाला होता. परताव्याची रक्कमही त्याच्याच खात्यात जमा झाली, कारण संगणकावर तो बसला होता.

इथे टेक्सासचा कायदा आडवा आला. अमेरिकेत तुम्ही ३१ डिसेंबरला विवाहित होता की नाही यावर त्या संपूर्ण वर्षाचा करासाठीचा वैवाहिक दर्जा ठरतो, आणि कोण विवाहित हे केंद्र सरकार मुख्यतः राज्याच्या कायद्यावरून ठरवते. नुसते सोबत राहणाऱ्यांना एकत्रित विवरणपत्र भरता येत नाही. परंतु टेक्सास, कोलोरॅडो, आयोवा, मोंटाना अशा काही राज्यांत विधीशिवाय आणि परवान्याशिवायही विवाह अस्तित्वात येऊ शकतो. टेक्सासमध्ये त्याला अनौपचारिक विवाह म्हणतात आणि त्यासाठी तीन गोष्टी लागतात: आपण विवाहित आहोत यावर दोघांची सहमती, या राज्यात पती-पत्नी म्हणून एकत्र राहणे आणि लोकांपुढे तसे सांगणे. किती महिने राहिले पाहिजे अशी अट नाही. एकदा असा विवाह ठरला, की तो मोडायला रीतसर घटस्फोटच लागतो आणि टेक्सासमध्ये विवाहकाळातली मिळकत सामान्यतः दोघांची मानली जाते. ‘आम्ही विवाहित आहोत’ असे लिहून, खोटे असल्यास शिक्षेस पात्र राहू अशा प्रतिज्ञेखाली सही केलेले विवरणपत्र हा या तिसऱ्या अटीचा किती ठसठशीत पुरावा होऊ शकतो, हे तिला समजावताना माझा आवाज नकळत खाली आला.

तिच्यापुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही काटेरी. लग्न झाले होते असे म्हटले, तर त्या विवरणपत्रावरच्या संपूर्ण कराची वसुली करखाते एकट्या तिच्याकडूनही करू शकत होते, आणि वर पुण्याच्या लग्नाआधी घटस्फोट घ्यावा लागणार होता. लग्न झाले नव्हते असे म्हटले, तर विवरणपत्रच चुकीचे ठरत होते, वाचलेले पाच हजार परत करावे लागत होते, आणि निर्दोष पत्नीची सूट तर मागताच येत नव्हती, कारण ती मागायला आधी पत्नी असावे लागते. तो अर्ज टपालात पडला असता, तर ‘मी त्याची पत्नी’ असे सांगणारा तिच्या सहीचा दुसरा कागद तयार झाला असता.

विवाह होता की नव्हता हे ठरवणे माझे काम नव्हे. मी तिला कौटुंबिक कायद्याच्या वकिलांकडे पाठवले आणि नोटिशीला उत्तर देण्यासाठी मुदत वाढवून घेतली. वकीलबाईंनी कागद मागितले तेव्हा बरेच काही तिच्या बाजूने निघाले. नोकरीतल्या आरोग्यविम्यात तिने त्याचे नाव पत्नी-पतीच्या रकान्यात न टाकता ‘डोमेस्टिक पार्टनर’ म्हणून टाकले होते, आणि त्यामुळे त्याच्या विम्याचा मालकाने भरलेला हिस्सा दर महिन्याला तिच्या करपात्र पगारात मिळवला जात होता. मुंबईला एच-१बी व्हिसाचा शिक्का घेताना डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात तिने ‘अविवाहित’ लिहिले होते. त्या अर्जात अनौपचारिक विवाहासाठी स्वतंत्र पर्याय असतो, म्हणून हे उत्तर वकीलबाईंना मोलाचे वाटले. (हेच उत्तर विवरणपत्राशेजारी ठेवले तर दोहोंपैकी एक खोटे दिसत होते, ही गोष्टही त्यांनी तिला स्पष्ट सांगितली.)

लग्न नव्हते असे सांगून स्वतंत्र विवरणपत्र भरायला मित्राला राजी करणे अवघड जाईल असे मला वाटले होते. तो कार्यालयात आला तो हाताची घडी घालूनच, कारण स्वतंत्र विवरणपत्र भरले तर सगळा नफा एकट्याच्या डोक्यावर येईल अशी त्याची समजूत होती. मी त्याला काही न सांगता आकडेमोड दाखवली. ९,००० आणि ३८,००० मिळवून २०२२ ची १२,९५० डॉलरांची वजावट काढली, की त्याचा कर ३,८८० डॉलर होत होता. नोटिशीतल्या कराचा अर्धा वाटासुद्धा ४,०५७ पडत होता. त्याचा नफा मुळातच खरा दाखवला असता, तर एकत्र भरण्याची दोघांची मिळून बचत ७७२ डॉलर होती. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘एवढ्यासाठी?’

दोघांनीही विवाहाची सहमती कधीच नव्हती असे लेखी निवेदन वकिलांकडे दिले. मी तिचे दुरुस्त विवरणपत्र १०४०-एक्सवर ‘अविवाहित’ म्हणून तयार केले, त्यानेही आपले वेगळे भरले, आणि नोटिशीच्या उत्तरात घडले ते सरळ लिहिले. दंड माफ करण्यासाठी वेगळी विनंती केली. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून निदान दुसरे विवरणपत्र दुरुस्त करण्याची कटकट वाचली. तिने ५,००७ डॉलर आणि व्याज भरले. परताव्यातला तिचा वाटा मित्राने तीन हप्त्यांत दिला. तो दिला नसता तर करखात्याला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते, तिला न्यायालयातच जावे लागले असते.

डिसेंबरमध्ये पुण्यात लग्न झाले. २०२५ च्या मार्चमध्ये ती पुन्हा आली, यावेळी नवऱ्यासह. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती विवाहित असल्यामुळे २०२४ साठी एकत्रित विवरणपत्राचा मार्ग आता खुला होता. मात्र नवरा वर्षभर पुण्यातच नोकरीला असल्यामुळे, तो मार्ग घ्यायचा तर त्याचे भारतातले उत्पन्नही त्यात दाखवावे लागणार होते. मी काही विचारण्याआधीच तिने पिशवीतून फॉर्म १६, दोन्ही बँकांचे उतारे आणि डीमॅट खात्याचे वर्षभराचे विवरण काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, ‘काका, दोन्ही पद्धतींनी हिशेब करा. सही कुठे करायची ते हे सगळे वाचून झाल्यावर ठरवू.’ नवरा शेजारी बसून स्वतःच्या ऑप्शन्सच्या नोंदींवर पेन्सिलीने खुणा करत होता.