पेशव्यांच्या घरात पुस्तकांचं बिऱ्हाड

लायब्ररी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर कपाटं येतच नाहीत, लाकडी खांब येतात. शाळेत असताना सुट्टीत आजोबांबरोबर विश्रामबाग वाड्यातल्या सरकारी लायब्ररीत जायचो, ते पेपरात डोकं घालून बसायचे आणि मी खांब बघत हिंडायचो. सुरूच्या झाडासारखे कोरलेले, वर वर निमुळते होत गेलेले. कोरीवकामावरून बोट फिरवलं की खाचेतली धूळ बोटाला लागायची आणि मग चड्डीला.

वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, 1807 च्या सुमाराला बांधून झालेला. एवढ्या हौसेनं बांधला आणि 1818 ला राज्यच गेलं, म्हणजे जेमतेम अकरा वर्षं मिळाली बिचाऱ्याला, तेवढ्यात तर आमच्या सोसायटीत लिफ्टचं भांडणसुद्धा मिटत नाही. पण वाडा काही रिकामा राहिला नाही. 1821 ला संस्कृत पाठशाळा आली, पुढे म्युनिसिपालिटीचं ऑफिस, पोस्ट, लायब्ररी, जुन्या वाड्यात एकेक बिऱ्हाड येत जातं ना, तसंच.

गंमत म्हणजे पुणे नगर वाचन मंदिर, तेही 1848 ला याच बाजीरावाच्या बुधवार वाड्यात सुरू झालं, लोकहितवादींच्या पुढाकारानं. तो वाडा 1879 च्या मे महिन्यात आगीत गेला, आणि तेव्हाच विश्रामबागेचाही काही भाग जळाला. वासुदेव बळवंतांच्या बंडाचे दिवस, त्यामुळे संशय लगेच तिकडे.

खरं सांगायचं तर लाकडी वाडा ही पुस्तकं ठेवायची जागाच नव्हे. आग, वाळवी, पावसाळ्यातली ओल, सगळे वैरी घरातच. पण वाचायला? चौकातून येणारा तो उजेड, ना डोळ्यावर येणारा ना अपुरा, ट्यूबलाइटला नाही जमायचा. आणि बाहेर बाजीराव रोडवर हॉर्नचा कल्ला चालू असताना आत पान उलटल्याचा आवाज यायचा.

पुस्तकांत समासात पेन्सिलीनं दुरुस्त्या असायच्या, हे पुण्यातच. एका पुस्तकात कुणीतरी ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली होती, त्याच्या शेजारी दुसऱ्या अक्षरात 'आधीचीच बरोबर होती' असं. आजोबांनी चष्मा वर करून दोन्ही नीट वाचलं, खिशातली पेन्सिल काढली, जरा विचार केला आणि परत ठेवली. घरी येईस्तोवर मात्र वाटेत तेवढंच बोलत होते, दीर्घच हवी म्हणून.