बारावीची गुणपत्रिका

"वहिनी, डब्यांच्या रगाड्यात हे समाजाचं करायला तुम्हाला वेळ कसा मिळतो?" डबा न्यायला येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पुण्यात माझा डब्यांचा व्यवसाय आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत मी अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून बसते. प्रश्न मी वाचून दाखवायचा, उत्तर विद्यार्थ्याने सांगायचं, मी उतरवून घ्यायचं. वर्षाकाठी आठ-दहा पेपर होतात. तेवढे दिवस पहाटे तीनला उठून स्वयंपाक उरकते. वेळेचं गणित एवढंच.

माझं शिक्षण बारावीवर थांबलं. लग्न झालं, पुढचं राहून गेलं, ते फार वर्षं सलत होतं. पण विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्या लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावं असा नियम आहे. बीएच्या मुलाला बीए झालेली बाई चालत नाही, मी चालते! पहिल्यांदा अर्जाला जोडायला गुणपत्रिका कपाटातून काढली, तेव्हा बराच वेळ ती हातात धरून बसले होते.

काम दिसतं तितकं सोपं नाही. पहिल्याच पेपरला मी प्रश्न भराभर वाचत गेले. विद्यार्थ्याला कुठले सोडवायचे ते ठरवायला सगळे प्रश्न डोक्यात साठवावे लागतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता प्रत्येक प्रश्न गुणांसकट दोनदा वाचते. कुठे खाडाखोड झाली, पानं किती उरली, तेही सांगते, कारण हे त्याला दुसरं कोण सांगणार?

एक प्रसंग मात्र विसरत नाही. इतिहासाचा पेपर होता. "सत्यशोधक समाजाची स्थापना १८७५ साली झाली," मुलाने सांगितलं. मला १८७३ पाठ होतं. पेन क्षणभर थांबलं. मी अक्षरही बोलले नाही, तरी तो हळूच म्हणाला, "काकू, थांबू नका. तुम्ही थांबलात की मला कळतं." मी १८७५ लिहिलं आणि पुढे गेलो. बाहेर आल्यावर त्याने आधी तेच विचारलं, "साल चुकलं ना?" मी हो म्हटल्यावर म्हणाला, "चुकू दे, माझंच आहे." त्याचे दोन गुण गेले असतील. मला मात्र तेव्हापासून त्या मुलांविषयी फार आदर वाटतो. तेव्हापासून पेन थांबू देत नाही.

तीन तासांच्या पेपरला त्यांना तासामागे २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे सलग चार तास लिहायचं. बोटं आखडतात. संध्याकाळी पोळ्या लाटताना जाणवतं.

तुम्ही म्हणालात, आमच्याकडे देण्यासारखं काय आहे? अक्षर सुवाच्य आहे ना? मोठ्याने स्पष्ट वाचता येतं ना? मग जवळच्या कॉलेजात परीक्षा विभागात नाव देऊन ठेवा. आणि हो म्हणालात तर ऐनवेळी मागे फिरू नका. पेपरच्या आदल्या रात्री लेखनिकाचा नकार येतो, तेव्हा त्या पोराचं वर्ष पणाला लागतं. असे रडवेले फोन मी घेतलेत.

तुमची धाकटी गेल्या वर्षी बारावी झाली ना? मंगळवारच्या मराठीच्या पेपरला एका मुलीला अजून कुणी मिळालेलं नाही. विचारून बघा तिला. दोघींची भेट रविवारी माझ्याकडेच घडवून आणते.