‘समजलं का, आजी?’

मंगळवार, रात्री

आज बी.पी.टी.एच.च्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाचा संवादकौशल्याचा तास झाला. हा विषय म्हणजे हसतमुख राहणे आणि गोड बोलणे, असा समज घेऊन मुले येतात आणि तो मला मनापासून खटकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण भुलीखाली असतो. आमच्या शास्त्रात मात्र उपचाराचा बराचसा भाग रुग्णाने स्वतः, घरी, आम्ही समोर नसताना करायचा असतो. त्यामुळे जे नीट सांगितले गेले नाही, तेवढा उपचार झालाच नाही, असे मी मानतो.

गुडघ्याची झीज झालेल्या आजींची भूमिका एका इंटर्न मुलीने केली. समोरच्या विद्यार्थ्याने दुखणे कधीपासून, जिना चढताना जास्त की उतरताना, शून्य ते दहामध्ये किती, हे सगळे व्यवस्थित विचारले. मग मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी व्यायाम दाखवला: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून पाच आकडे मोजायचे, असे दहा वेळा. “समजलं का, आजी?” “हो.” तो फाइल मिटणार, एवढ्यात मी त्याला थांबवले आणि असे विचारायला सांगितले: “मी नीट सांगितलं की नाही, ते मला बघायचंय, एकदा करून दाखवता का?” आजींनी श्वास रोखून आख्खा पाय वर उचलला. मी तिला तसे आधीच सांगून ठेवले होते, कारण ओपीडीत हेच घडताना मी पाहतो. जबाबदारी सांगणाऱ्याने स्वतःकडे घेतली, की रुग्णाला परीक्षा दिल्यासारखे वाटत नाही आणि तो संकोच न करता करून दाखवतो.

त्यानंतर “सकाळी उठल्यापासून तुमचा दिवस कसा जातो?” हा एकच प्रश्न विचारायला लावला. पहाटे पाणी भरणे, जमिनीवर बसून भाकऱ्या थापणे, घरात पलंग नसल्याने खालीच झोपणे आणि प्रत्येक वेळी भिंतीला धरून उठणे, असे एकेक बाहेर येत गेले. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने सुचवले की, भाकऱ्या झाल्यावर आजींनी तिथेच भिंतीला टेकून पाय पसरावेत आणि व्यायाम उरकावा, म्हणजे त्यासाठी वेगळे उठणे-बसणे नको. तिचे हे उत्तर मला फार आवडले, कारण ते आजींच्या घरातून आले होते.

अंगाला हात लावण्यापूर्वी विचारणे आणि पडदा ओढून घेणे यांवर आज ओझरतेच बोलणे झाले.

पुढच्या तासाला पक्षाघातामुळे वाचा गेलेला रुग्ण घेणार आहे. अशा रुग्णाचे बोलणे गेले, तरी समज अनेकदा पुष्कळ शिल्लक असते आणि तरीही विद्यार्थी त्याच्या देखत नातेवाइकांशीच बोलत राहतात, याचे मला वाईट वाटते. एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारायचा, हो-नाहीसाठी खूण ठरवून घ्यायची आणि उत्तराची घाई करायची नाही, एवढाच सराव त्या दिवशी घ्यायचा आहे. नातेवाइकाला मी मुद्दाम रुग्णाच्या पलीकडे बसवीन, म्हणजे त्याच्याकडे पाहताना आधी रुग्णावर नजर जाईल.